सोळाव्या थरावरची ऊब

शेवटी माझ्या सासऱ्यांनी गोदामातला गहू वाचवला, साहेबांनी पायातले बूट काढले आणि हमालांनी डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलं. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं कृपया समजावं. कार्यालयाच्या दृष्टीने असं काही घडलेलं नाही. गहू आला, गहू राहिला, गहू गेला. मधल्या काळात कोणीही झोपलं नव्हतं.

तर, काहीच घडत नव्हतं अशा त्या थंडीतल्या एका दुपारी मी थप्पीच्या पायथ्याशी उभा राहून वर तोंड करून दबक्या आवाजात हाका मारत होतो.

"मामा. ओ मामा. साहेब निघालेत केबिनमधून."

वरचं घोरणं थांबलं नाही. फक्त पट्टी बदलली.

थप्पी म्हणजे पोत्यांवर पोती रचून उभी केलेली एक बिनखिडक्यांची इमारत. आमच्या गोदामात अशा बऱ्याच आहेत. त्यांतल्या मधल्या थप्पीच्या सोळाव्या, म्हणजे अगदी वरच्या थरावर मामांचा दुपारचा मुक्काम असे. मामा म्हणजे माझे सासरे. घरच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा म्हणतो आणि गोदामात बाकीचे उगाचच म्हणतात. नवीन आलेल्या हमालाला सुरुवातीला वाटतं, या माणसाला मुली तरी किती.

ते गोदामात मदतनीस आणि मी तिथेच कारकून. झाडलोट करायची, जाळी काढायची, कोरडी हवा असली की झरोके उघडायचे, दमट असली की लावायचे, हे त्यांचं काम. ते चोख करत. पण जेवणानंतर त्यांना झोप लागे आणि ती ते त्याहून चोख काढत. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हाही ते खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते. त्या शांततेला मी संमती समजलो. पुढे विषय निघाला तेव्हा म्हणाले, "जागा असतो तर चार प्रश्न विचारले असते."

साहेबांना झोपेचा तिटकारा. त्यांच्या बुटांचा करकर आवाज तीन थप्प्यांपलीकडून येई आणि अख्खं गोदाम कामाला लागे. मामा मात्र त्या करकरीवरच जास्त गाढ झोपत. परिणामी सेवापुस्तकात दोन लाल शेरे पडले होते. तिसरा पडला की घरी. आणि मामांची निवृत्ती थंडी सरता सरता होती. एवढी वर्षं काढून दाराशी आल्यावर हाकलले गेले असते, तर पेन्शनही बुडाली असती आणि मानही. मान बुडाल्याचं त्यांना जास्त लागलं असतं. पेन्शन बुडाल्याचं माझ्या बायकोला.

करकर ऐकू आली तसा मी शिडी चढून वर गेलो. मामा डाव्या कुशीवर पडले होते. गालाखाली हात, चेहऱ्यावर असं समाधान की उठवायला जिवावर आलं. हलवून जागं केलं.

"साहेब येतायत."

"येऊ द्या. जावईबापू, आधी इथं हात ठेवा."

मी पोत्यावर हात ठेवला. पोतं कोमट होतं. माणूस उठून गेल्यावर अंथरूण असतं तसं.

"लागतंय ना? काही दिवस झाले. माझी कंबर धरलेली असायची ती सुटली. डॉक्टर झक मारतो याच्यापुढे."

"पण गरम का आहे?"

"पत्रा तापतो वर."

"मामा, आठवडाभर ढग आहेत. पत्रा बर्फासारखा आहे."

"मग आधीचं ऊन साठलं असेल."

खाली करकर जवळ आली आणि पुढे निघून गेली. साहेबांनी वर पाहिलं नाही. आम्ही दोघं पोत्यांवर पालथे पडून श्वास रोखून होतो. म्हणजे मी होतो. मामा जांभई दाबत होते.

आवाज लांब गेल्यावर ते हळूच म्हणाले, "घरी डोळा लागत नाही हो. ही गेल्यापासून पलंगाची ती बाजू गार पडते. कितीही पांघरा. आणि इथं कसं, आत्ताच कोणीतरी उठून पाणी प्यायला गेलंय असं वाटतं. येईलच."

मी शिडीकडे सरकलो. त्यांना बहुतेक आपण जास्त बोललो असं वाटलं, कारण ते लगेच म्हणाले, "शिडी धरा. आणि खाली बघून उतरा, तुम्हाला काही झालं तर मुलगी मला बोलेल."

संध्याकाळी घरी बायको कपडे भिजवत होती. बादलीपाशी बसल्या बसल्या तिने बाबांचा शर्ट नाकाला लावला, बाजूला धरला, पुन्हा लावला.

"हे हुंगून बघ."

"मी कशाला?"

"हुंग म्हणते ना."

मी हुंगला. कुबट, जरासा आंबूस वास होता.

"घाम आहे," मी म्हणालो.

"बाबांचा घाम मी लहानपणापासून धुतेय. हा घाम नाही. मागे आपल्या पिंपाचं झाकण उघडं राहून धान्याला ओल लागली होती, तेव्हा असाच वास आला होता."

"झाकण कोणी उघडं ठेवलं होतं?"

"तो विषय संपलाय."

"संपला संपला म्हणत दर महिन्याला निघतो."

"तूच काढतोस आणि तूच उघडं ठेवलं होतंस. बाबा, तुम्ही दुपारी नक्की कशावर झोपता?"

मामा पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही, पण वाचणं थांबलं हे पेपरच्या मागूनही कळलं.

"आत ओल आहे," ते म्हणाले. "मधल्या थप्पीत. वास मला दोन दिवसांपूर्वीच आला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर विचारलं असतं, नाक तिथे कशाला नेलं होतं."

तिने शर्ट बादलीत टाकला आणि चांगला खळबळून काढला. "तो गहू लोक खाणार आहेत ना?"

"खाणारे कोण, मला कुठे माहीत."

"त्यांना तरी तुम्ही कुठे माहीत आहात? पण खातीलच ना."

पेपर घडी होऊन खाली ठेवला गेला. रात्रीचं जेवण झालं. हात धुताना मामा म्हणाले, "माझं नाव न घेता सांगता येईल का काही?"

मी कारकून आहे. कोणाचंही नाव न घेता सांगणं हाच माझा धंदा. मी म्हणालो, "मांजराचं घेऊ."

गोदामात उंदरांसाठी एक मांजर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं की मांजर रोज मधल्या थप्पीवर एकाच पोत्यावर बसतं, त्याअर्थी ते पोतं गरम असावं, त्याअर्थी आत ओल असावी, त्याअर्थी थप्पी उपसून बघावी.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मांजर स्वतः म्हणालं?"

"तसं नाही साहेब. वागण्यावरून."

"कडेच्या पोत्यांत थर्मामीटर घालून आपण दर आठवड्याला बघतो. गार आहेत ना?"

"कडेची गार आहेत. मधलं काय ते कळत नाही."

"मग आता मांजराच्या माहितीवरून मी थप्पी उपसतो. सगळे हमाल लावतो. वरच्या कार्यालयातून विचारणा आली की कळवतो, मांजर असं म्हणालं. त्यांनी विचारलं मांजराचं पद काय, तर काय लिहू?"

मी म्हणालो, "मदतनीस."

साहेबांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी फाईल उचलून निघालो.

निघताना नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि मला ट्रक आठवला. थंडीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी, सुटायच्या बेताला, वाटेत अवकाळी पावसात सापडलेला एक ट्रक आला होता. पोती वरून पुसलेली होती. गहू घेताना आम्ही ओलावा मोजायचं यंत्र लावतो, पण त्या दिवशी यंत्रात सेल नव्हता. तो या घड्याळात होता. "घड्याळ बंद म्हणजे शिस्त बंद," म्हणून साहेबांनीच घालायला लावला होता. त्यामुळे त्या संध्याकाळी गहू किती ओला आहे ते कोणालाच कळलं नाही, मात्र सुटायची वेळ झाली हे सगळ्यांना बरोबर कळलं. पोती थप्पीत अगदी मध्यभागी गेली आणि वर बाकीचे थर चढले.

गुरुवारी वरच्या कार्यालयातून तपासणीला मॅडम आल्या. कमी बोलणाऱ्या. सोबत एक पोकळ, टोकदार सळई, नमुन्याच्या पिशव्या आणि ओलावा मोजायचं स्वतःचं यंत्र, सेलसकट. त्यांनी थप्पीच्या चारही बाजूंनी सळई खुपसून गहू काढला, यंत्रात घातला, बघितला.

"कोरडा आहे," त्या म्हणाल्या. "छान ठेवलाय."

साहेबांचे बूट आनंदाने करकरले. मामा हातात झाडू घेऊन दाराशी उभे होते. मॅडम पिशव्या भरायला लागल्या. आता नाही तर कधीच नाही, हे मलाही कळलं आणि मामांनाही. मी पुढे झालो.

"मॅडम, या थप्पीवर वरच्या बाजूला एक मांजर नेहमी..."

"कोणतं मांजर?" साहेब मध्येच म्हणाले. "हे?"

मांजर दाराजवळच्या वजनकाट्याच्या गार लोखंडी पाटावर पसरून झोपलं होतं. काटा त्याचं वजन दाखवत होता.

"ते कुठेही झोपतं," साहेब म्हणाले. मॅडमनी पिशवीची दोरी बांधली.

झाडू भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"मांजर नाही, मॅडम," मामा म्हणाले. "मी झोपतो वर."

हमाल थांबले. मुकादमाने तोंडातली विडी काढली. बाहेरून कुठून तरी ट्रकचा हॉर्न ऐकू आला आणि त्या हॉर्नलाच लाज वाटल्यासारखा तो मध्येच तुटला.

"रोज?" मॅडमनी विचारलं.

"रविवार सोडून."

साहेबांच्या चेहऱ्यावर तिसरा शेरा आपोआप उमटत चालला होता. मॅडमनी पिशवी खाली ठेवली आणि वही उघडली.

"कोणत्या कुशीवर झोपता?"

मामा चपापले. आयुष्यभर लोकांनी त्यांना झोपलात का असं विचारलं होतं. कसे झोपलात, हे पेन हातात धरून कोणी विचारलं नव्हतं.

"डाव्या," ते म्हणाले, आणि बोलता बोलता ताठ होत गेले. "आधी उजव्या कुशीवर असायचो. पण ऊब डावीकडून यायला लागली म्हणून वळलो. पहिल्यांदा तळव्याएवढी होती. आता खांद्यापासून कमरेपर्यंत आहे. पहाटे गार पडलेलं असलं की दुपारी जास्त कळते. आणि पोत्याचा वरचा तागही ओलसर लागतो हल्ली. शर्टाला वास येतो."

"शर्ट कुठाय?"

"मुलीने धुतला."

"अरेरे," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. "वर चला. दाखवा."

थप्पीवर पादत्राणं घालून चढायचं नाही असा नियम आहे, तो साहेबांनीच दारावर रंगवून घेतलाय. त्यांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा मॅडमच्या अनवाणी पायांकडे, आणि बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. आम्ही सगळे दुसरीकडे बघत शिडी चढलो.

वर गेल्यावर मामांनी अंग टाकलं. डोळे मिटले. चौदा-पंधरा माणसं गोल करून उभी आणि मध्ये एक म्हातारा सरकारी वेळेत, वरिष्ठांच्या समक्ष, आडवा. गोदामाच्या इतिहासात असं झालेलं नाही. आताही झालेलं नाही.

"इथं नाही," ते पुटपुटले आणि वीतभर सरकले. "इथंही नाही. थांबा. इथं. खांद्याच्या बरोबर खाली. कालपेक्षा वाढलीय."

मॅडमनी दोन पोत्यांच्या फटीतून सळई सरळ खाली दाबली. अर्धी गेली, मग अडखळली, मग जोर लावल्यावर गेली. बाहेर काढली तेव्हा त्यांनी ती पटकन दुसऱ्या हातात घेतली, चटका बसावा तशी. पोकळीतून गहू सांडला नाही. गोळा होऊन पडला. हिरवट दाणे एकमेकांना धरून बसले होते, आणि तो शर्टाचा वास साऱ्यांच्या नाकात गेला. यंत्रावरचा आकडा मॅडमनी मोठ्याने वाचला नाही. साहेबांपुढे धरला.

"गहू जिवंत असतो," त्या हमालांकडे वळून म्हणाल्या, कारण साहेब ऐकण्याच्या स्थितीत नव्हते. "श्वास घेतो. ओला असला की जास्त घेतो आणि तापतो. चहूबाजूंनी पोती, ती ऊब जाणार कुठे? वाफ वर चढते, वरचं पोतं गार लागलं की तिथे दव धरतं. मग तेही ओलं, तेही तापतं. कडेला सळई घालून हे महिनाभर कळलं नसतं. तोवर अख्खी थप्पी गेली असती आणि बाजूचीही. गहू घेताना ओलावा मोजला नव्हता का?"

 वरून केबिनच्या काचेतून आतली भिंत दिसते. एकेक करून सगळ्यांची नजर तिकडे गेली. घड्याळ अगदी बरोबर वेळ दाखवत होतं.

"पोती उतरवा," मॅडम म्हणाल्या.

मुकादमाने वाकून बघितलं. "आधी मामांना उतरवायला पाहिजे."

मामांना झोप लागली होती. एवढ्या माणसांत, एवढ्या वादळात, सवयीच्या जागेवर अंग टेकलं आणि लागली. कोणी हसलं नाही. तेव्हाच मुकादमाने डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलं आणि बाकीच्यांनी त्याचं पाहून तसंच केलं. एवढा वेळ त्या माणसाची झोप राखत उभे होते सगळे. साहेबसुद्धा, भोकाच्या मोज्यात.

मग मामांना आपोआप जाग आली. गर्दीकडे पाहून त्यांनी विचारलं, "मिळाली?"

"मिळाली," मॅडम म्हणाल्या.

ते उठले, बाजूला झाले. हमालाने पोत्याला आकडा लावला तेव्हा त्यांनी "जरा थांब" म्हणून त्यावर तळवा ठेवला. गावाला निघालेल्या माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा. जेमतेम क्षणभर.

"ने," ते म्हणाले.

तीन थर खाली गेल्यावर थप्पीतून वाफ निघाली. त्या थंडीत पांढरी, संथ, सरळ पत्र्यापर्यंत. खराब पोती मोजकी निघाली, ती वेगळी काढली. भोवतालची नुसती दमट होती. ती अंगणात ताडपत्रीवर ओतून, दिवसभर पायाने उलथून, ऊन पडलं तसं वाळवली. अख्खं गोदाम राबलं. मुकादम येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला सांगत होता, "हा सगळा गहू आमच्या मामांनी झोपून वाचवला." ट्रकवाले इंजिन बंद करून पुढे ऐकायला थांबत. बाकी थप्पी कोरडी ठणठणीत, नखाने दाणा मोडला तर कट्कन आवाज.

त्या संध्याकाळी साहेब लाल पेन उघडून सेवापुस्तकापुढे बराच वेळ बसले. शेरा लिहायचा तर झोपेत काय सापडलं ते लिहावं लागणार. ते लिहायचं तर ओल कशी आली ते, आणि ते लिहायचं तर घड्याळ. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"असं काही घडलेलं नाही," ते मला म्हणाले.

"नाही साहेब."

"काय नाही?"

"तेच साहेब."

सेल यंत्रात परत गेला. नव्या सेलची मागणी वर पाठवली आहे, तोपर्यंत घड्याळ बंद आहे. तरी लोक वेळेवर घरी जातात.

घरी माझ्या बायकोने विचारलं, "मग? काय म्हणाले साहेब?"

"काही घडलं नाही म्हणाले," मामा म्हणाले, आणि जेवताना त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

थप्पी पुन्हा रचली गेली आणि निवृत्तीपर्यंत ते रोज वर झोपले. पोती आता गार होती, सगळीकडे सारखी. हमालांनी त्यांच्यासाठी वर रिकाम्या गोणपाटांची जाड घडी करून ठेवली होती, कोणी ते मान्य करत नव्हतं. कंबर पुन्हा धरली. शेवटच्या दिवशीही दुपारी ते चढले. मी खाली बिलं लावत होतो. केबिनचं दार उघडलं, साहेब बाहेर आले आणि करकर ऐकू आली नाही म्हणून मी मान वर केली. साहेब दोन्ही बूट हातात धरून, मोज्यांवर, मधल्या थप्पीपाशी हळूहळू पावलं टाकत चालले होते. मोजे नवे होते. थप्पी ओलांडल्यावर त्यांनी बूट घातले आणि मग करकरत पुढे गेले.

गहू नंतर रवाना झाला. कुठे गेला, कोणी खाल्ला, आम्हाला माहीत नाही. त्यांनाही आम्ही माहीत नाही. मधल्या थप्पीच्या जागी सध्या नुसती झाडलेली फरशी आहे आणि वर पत्र्यापर्यंत हवा. त्या संदर्भात मामांनी सांगितलेला आणि मी लिहिलेला अर्ज मागच्या सोमवारी वरच्या कार्यालयाकडे रवाना केला. तो असा:

विषय: सोळाव्या थराची जागा राखून ठेवणेबाबत.

महोदय, वरील विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार निवृत्त मदतनीस असून मधल्या थप्पीच्या सोळाव्या थरावर त्यांची दीर्घकाळ नियमित उपस्थिती होती. सदर थप्पी रवाना झाल्याने ती जागा आजमितीस हवेत आहे. तरी नवी थप्पी त्या उंचीपर्यंत येईतो सदर हवा आहे त्या स्थितीत, डाव्या कुशीच्या मापाने, अर्जदाराच्या नावे राखून ठेवण्यात यावी, तिच्या खालून जाताना पादत्राणे हातात घेण्याची सूचना व्हावी, आणि जागा दोन माणसांची धरावी, ही विनंती.